जयाजीराव महाराज आणि त्यांचा इटालियन महाल

ग्वाल्हेरच्या गादीवर १८४३ मध्ये जयाजीराव शिंदे दत्तक आले, तेव्हा ते जेमतेम आठ वर्षांचे होते. वर्षअखेरीस महाराजपूर व पनिहार येथे शिंद्यांची फौज हरली आणि राज्यावर इंग्रजांची पकड बसली. जून १८५८ मध्ये तात्या टोपे व झाशीची राणी चालून आले. महाराजांचे बहुतेक सैन्य त्यांना जाऊन मिळाले. महाराज आग्र्याला गेले. इंग्रजांनी गादी परत दिली, किल्ला मात्र स्वतःकडे ठेवला.

१८७४ मध्ये महाराजांनी मायकेल फिलोस यांच्याकडून जयविलास बांधून घेतला. खाली तस्कन, मध्ये इटालियन डोरिक, वर कोरिंथियन खांब, ही घडण इटलीच्या प्रबोधनकाळातील महालांची. आतल्या संगमरवरी लीडा व हंसाचा विषयही लिओनार्दो आणि मायकेलअँजेलो यांनी हाताळलेला.

१८८६ मध्ये किल्ला परत मिळाला, तोही झाशीच्या बदल्यात. त्याच वर्षी महाराज निवर्तले. लष्करमधील त्यांची छत्री मात्र देशी घडणीची आहे.

महालापासून जवळच, फुलबागेत, राणीची समाधी आहे. आम्ही ग्वाल्हेरकर मराठी मंडळी दोन्हींचे वारस आहोत. मुलांना महाल दाखवाल तेव्हा समाधीवरही न्या, आणि १८५८ ची हकिकत काही न वगळता सांगा.