लक्ष्मीबाई टिळक : निष्ठा आणि स्वत्व

भिलाईहून नागपूरकडे निघालेली गाडी दुर्ग सोडल्यावर थोड्याच वेळात राजनांदगावला येते. १८९३ साली याच लोहमार्गाने नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला नोकरीसाठी येत होते. प्रवासात एका युरोपीय गृहस्थाने त्यांच्या हाती बायबल दिले. त्या भेटीतून पुढे जे घडले त्याचा सर्वांत कठीण भार टिळकांच्या पत्नीस वाहावा लागला. त्या लक्ष्मीबाईंचे स्मरण आम्हा छत्तीसगडवासी मराठी मंडळींना म्हणूनच अधिक जवळचे वाटते.

१८६८ साली नाशिकजवळील जलालपूर येथे गोखल्यांच्या घरी मनकर्णिकेचा जन्म झाला. वडिलांचे सोवळे अत्यंत कडक होते. अकराव्या वर्षी विवाह होऊन ती लक्ष्मीबाई झाली. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या मुलीस टिळकांनी अक्षरओळख करून दिली. पती प्रतिभावान कवी, मनाने उदार, परंतु संसारात अत्यंत अव्यवहारी. आज एका गावी, तर उद्या दुसऱ्या गावी, असा त्यांचा क्रम. गृहिणीने काटकसरीने जमवावे आणि धन्याने सढळ हाताने वाटून टाकावे, हा त्या घरचा नित्याचा प्रकार होता.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लहानग्या दत्तूला घेऊन लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांत राहिल्या. समाजाची बोलणी, मुलाची काळजी आणि पतीची ओढ या तिहेरी तापात वर्षे गेली. अखेर त्या पतीकडे परतल्या. परंतु आपले सोवळे, आपली चूल आणि आपले पाणी सांभाळून. पुढे जातिभेदाविषयी त्यांनी स्वतःच विचार केला. हा भेद ईश्वराने निर्मिलेला नाही असे मनाने घेतले, तेव्हा सोवळे आपोआप सुटले. १९०० साली त्यांनी मुलासह बाप्तिस्मा घेतला.

आमच्या मते या चरित्राचे मर्म येथेच आहे. पतीवरील प्रेमापोटी त्यांनी घर पुन्हा जोडले. धर्म मात्र केवळ पतीच्या मागोमाग जाऊन घेतला नाही. स्वतःच्या मनाचा कौल मिळेपर्यंत त्या थांबल्या. पतिनिष्ठा आणि स्वतंत्र बुद्धी एकत्र नांदू शकतात, याचा याहून निखळ दाखला सहसा सापडत नाही.

स्वीकारल्यानंतर मात्र त्या श्रद्धेस त्यांनी सेवेचे रूप दिले. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथील त्यांच्या घरात परक्या मुलांनाही आईची माया मिळाली. बालकवी ठोंबरे हेही त्या घरी घरच्या मुलासारखेच वावरले. ९ मे १९१९ रोजी टिळक निवर्तले. त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले होते. लक्ष्मीबाईंनी त्याचे ६४ अध्याय रचले. पतीचे अपुरे काम पुरे करण्याची हीच त्यांची श्राद्धविधी म्हणावी लागेल.

वैधव्यात काही वर्षे त्या मुलाच्या कुटुंबासमवेत दूर कराचीत राहिल्या. १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रे'ने त्यांचे नाव मराठीत अजरामर केले. त्यात पांडित्य नाही. स्वयंपाकघरात आणि माजघरात बोलली जाणारी मराठी आहे. हालअपेष्टांची हकीकत त्या हसत हसत सांगतात आणि कुणाविषयीही कडवटपणा धरीत नाहीत. अखेरचा भाग त्यांच्या पश्चात निघाला. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे त्यांचे देहावसान झाले होते.

पोलाद कारखान्याच्या निमित्ताने महाराष्ट्र सोडून येथे स्थिरावलेल्या आम्हा कुटुंबांच्या मुलांची मराठी आता घरापुरतीच उरली आहे. घरापुरती भाषा म्हणजे दुबळी भाषा असे मानण्याचे कारण नाही, हे लक्ष्मीबाईंनी सिद्ध केले आहे. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात प्रत्येक घरी 'स्मृतिचित्रे'ची काही पाने मुलांना मोठ्याने वाचून दाखविली जावीत, एवढीच आमची विनंती.