ट्रामपासून वाचवलेली नाडी

जुन्या जर्मन मोटारी सांभाळणाऱ्यांना एक विचित्र दुखणे ठाऊक असते. ब्रेक दाबला की मागचा भलताच दिवा मिणमिणतो. बल्ब बदलला, फ्यूज बदलला, तरी खोड जात नाही. दोष बहुधा अर्थिंगच्या गंजलेल्या जोडात असतो. बॅटरीतून निघालेली वीज गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून परत जाते. तो रस्ता अडला की ती मिळेल त्या वाटेने जाते आणि लक्षण दुसरीकडेच दिसते.

विजेच्या याच परतीच्या वाटेने शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या एका शास्त्रज्ञाला अलिबागला आणले. त्यांचे नाव नानाभॉय आर्देशिर फ्रामजी मूस.

मूस यांचा जन्म १८५९चा. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सूर्यावरील प्रचंड उद्रेकामुळे पृथ्वीवर चुंबकीय वादळ आले आणि कुलाबा वेधशाळेत त्याची नोंद झाली. तेथे चुंबकीय मोजमापे १८४१पासून सुरू होती. एडिंबरा येथे शिकून आलेले मूस १८९६मध्ये या वेधशाळेचे संचालक झाले. त्या पदावर बसलेले ते पहिले भारतीय.

थोड्याच वर्षांत पेच उभा राहिला. मुंबईच्या घोड्यांच्या ट्राम विजेवर चालवायचे ठरले. ट्रामची वीज वरच्या तारेतून येते आणि रुळांतून परत जाते. पण तिचा काही भाग रुळांतून जमिनीत झिरपतो. पृथ्वीच्या चुंबकत्वातले सूक्ष्म चढउतार टिपणाऱ्या उपकरणांना हा गोंगाट पुरेसा होता. ईसीजी काढताना आसपासच्या विजेने रेघ थरथरावी आणि हृदयाचा खरा ठोका त्यात हरवावा, तसाच हा प्रकार.

शहराला ट्राम हवी होती. ती रोखणे हा उपाय नव्हता. पण साठ वर्षांची नोंद तुटली असती, तर ती पुन्हा मिळणार नव्हती. मूस यांनी मुंबईच्या दक्षिणेला, विजेपासून दूर असलेले अलिबाग निवडले. उपकरणांच्या इमारतीसाठी पोरबंदरचा दगड वापरला आणि लोखंड कटाक्षाने टाळले. चुंबक मोजणाऱ्या घरात लोखंडी खिळाही परका.

त्यांचे खरे शहाणपण पुढच्या पावलात दिसते. अलिबागचे काम १९०४मध्ये सुरू झाले, पण कुलाबा लगेच बंद केले नाही. १९०६पर्यंत, दोन वर्षे, दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी चालली. त्यामुळे दोन ठिकाणच्या आकड्यांतला फरक कळला आणि जुनी मालिका नव्या मालिकेला जोडता आली. मुंबईत विजेची ट्राम १९०७मध्ये धावली, तेव्हा अलिबागची नोंद शांतपणे चालू होती.

हा धडा दवाखान्यातही लागू पडतो. रक्तदाबाचे यंत्र बदलले की आकडा बदलतो. आजार वाढला की यंत्र निराळे, हे कळत नाही. म्हणून नवे यंत्र घेतल्यावर काही दिवस जुन्यावरही दाब मोजावा, दोन्ही आकडे शेजारी लिहावेत आणि ती वही डॉक्टरांना दाखवावी. एका सुट्या आकड्यापेक्षा अखंड नोंद जास्त बोलते.

मूस यांनी कुलाब्याच्या १८४६ ते १९०५ या काळातील नोंदींचा अभ्यास दोन खंडांत मांडला. तो १९१०मध्ये प्रसिद्ध झाला. १९३६मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे १९६४मध्ये मुंबईची ट्रामही बंद झाली. ज्या ट्रामसाठी वेधशाळा हलवावी लागली, ती गेली. अलिबागच्या समुद्रकिनाऱ्याजवळची वेधशाळा मात्र राहिली. आज भारतीय भूचुंबकत्व संस्था ती चालवते. सूर्याच्या वादळांपासून उपग्रह आणि वीजवाहिन्या जपायच्या, तर पूर्वीची वादळे किती मोठी होती हे माहीत हवे. ते सांगणारी पृथ्वीची ही लांबलचक केसपेपरची फाईल एका माणसाने वेळीच जपली म्हणून आज हाताशी आहे.