बाबांची हंडी

मेसमधलं वरण पातळ झालं की होस्टेलवर लगेच आंदोलनाची भाषा सुरू होते. वाटीत डाळ शोधायला दुर्बीण लागते, हा विनोद तर प्रत्येक बॅच नव्याने करते. पण मित्रांनो, पातळ पदार्थाने दुपारचं पोट भरू शकतं का, हा प्रश्न आपल्याच नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात एका फकिराने शंभरेक वर्षांपूर्वी चुलीवर सोडवला होता. साईबाबांच्या चमत्कारांवर पुस्तकं ढिगाने आहेत. मला इथे त्यांच्या स्वयंपाकाबद्दल लिहायचंय.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सोळा वर्षांचा एक पोरगा शिर्डीत निंबाच्या झाडाखाली बसलेला लोकांना दिसला, मग नाहीसा झाला, आणि पुढे धूपखेड्याच्या चांद पाटलांच्या वऱ्हाडाबरोबर परत आला तो कायमचाच. पडकी मशीद हे त्याचं घर. सुरुवातीला त्याला वेडा फकीरच समजत. बायजाबाई मात्र डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन रानात त्याला शोधत फिरायच्या आणि जेवू घालायच्या.

पुढे बाबा ठरावीक पाच घरी भिक्षा मागत. भाकरी झोळीत, आणि ताक, दूध, कालवण असं पातळ काही मिळालं की ते टमरेलात. आंबट-गोड सगळं एकत्रच. मशिदीत आल्यावर ते कुंडीत ओतायचं. त्यात कुत्री-मांजरंही तोंड घालत, बाबा हाकलत नसत. थोडक्यात, स्वतःच्या जिभेचे लाड शून्य!

आणि हाच माणूस दुसऱ्यांसाठी रांधायला बसला की एकदम वेगळा. बाजारहाट स्वतः करायचा. धान्य, पीठ, मसाला पारखून घ्यायचा, पैसे रोख द्यायचे. जात्यावर दळण स्वतः, पाट्यावर मसाला स्वतः. मशिदीपुढच्या अंगणात चूल पेटवून मापाने पाणी घालून हंडी चढवायची. हंड्या दोन होत्या, लहान पन्नास माणसांची आणि मोठी शंभरांची. कधी गोड भात, कधी मांस घातलेला पुलाव. शाकाहारी माणसाला मात्र त्याचा आग्रह नसे. ढवळायला पळी नाही, उकळत्या हंडीत सरळ हात घालत असं सांगतात. (आपण प्रयोग करू नये.)

माझ्या मते खरी गंमत त्यांच्या दोन पातळ पदार्थांत आहे. एक म्हणजे मसालेदार वरणात सोडलेले कणकेचे मुटके. आपल्याकडची वरणफळं किंवा हुलग्याचे शेंगोळे याच जातीचे. दुसरी अंबील, म्हणजे ज्वारीचं पीठ पाण्यात शिजवून त्यात ताक. नुसतं पाणी पिऊन भूक अर्ध्या तासात परत येते. पण पीठ शिजताना साधारण ७० अंशांच्या आसपास त्यातला स्टार्च पाणी शोषून फुगतो, द्रव दाट होतो आणि पोटात जास्त वेळ टिकतो. ताकातून थोडं प्रोटीन मिळतं. डाळीत कणीक शिजली की धान्य आणि कडधान्य एकमेकांची उणीव भरून काढतात. म्हणजे वाटीभर पातळ कालवणाचं पूर्ण जेवण झालं, तेही थोडक्या पिठात.

थर्मोच्या तासाला तोफेचं ड्रिलिंग करणारे काउंट रम्फर्ड भेटतात ना? त्यांनीही १७९० च्या दशकात म्युनिकमध्ये गरिबांसाठी जव, वाटाणे, बटाटे आणि शिळ्या पावाचं सूप काढलं होतं. फक्त त्यांना वाटायचं की पाणीच शिजून पौष्टिक होतं. तिथे साहेब चुकले.

ज्या नगर जिल्ह्याने १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ पाठोपाठ सोसले, तिथे भरल्या हंडीची किंमत वेगळी सांगायला नको. हंडी उतरली की मौलवी फातिहा म्हणत. पहिला वाटा म्हाळसापती आणि तात्या पाटलांकडे जाई. हे तात्या म्हणजे त्याच बायजाबाईंचा मुलगा. भाकरीची पाटी बाबा विसरले नव्हते. उरलेलं सगळं गोरगरिबांना ते स्वतःच्या हाताने वाढत.

दासगणूंच्या कीर्तनांनी बाबांचं नाव मुंबई इलाख्यात पसरलं. मग भक्तांची रीघ लागली, नैवेद्याची ताटं इतकी येऊ लागली की उरायची. १९१० पर्यंत चाललेली हंडी त्यानंतर बंद पडली. भिक्षेची झोळी मात्र बाबांनी सोडली नाही. १५ ऑक्टोबर १९१८ ला, दसऱ्याच्या दिवशी, त्यांनी देह ठेवला.

२००९ मध्ये शिर्डीच्या नव्या प्रसादालयाच्या गच्चीवर ७३ सौर डिश बसवल्या गेल्या. उन्हाने पाण्याची वाफ करायची आणि त्या वाफेवर हजारो माणसांचं जेवण शिजवायचं, अशी ती रचना. मेकॅनिकलवाल्यांनी त्याचा अभ्यास करावा. आणि मेस सेक्रेटरींनी पुढच्या गुरुवारी वरणात चार मुटके सोडून बघावेत.