चार्ल्स डॉटर : धमन्यांचा प्लंबर

'स्टेंट' हा शब्द आता आपल्या घराघरांत पोहोचला आहे. कुणाच्या काकांना, कुणाच्या आजोबांना तो टाकलेला असतो, आणि चार दिवसांत ते घरी येऊन चहा मागतात. अरुंद झालेल्या धमनीत जाळीची बारीकशी नळी बसवायची आणि रक्ताची वाट मोकळी ठेवायची, एवढी त्यामागची कल्पना. हृदयावरच्या या उपचाराबद्दल आपण सगळेच ऐकतो. परंतु या नळीची कथा सुरू होते ती पायापासून. आणि तो पायही माणसाचा नव्हता, कुत्र्याचा होता. ही कथा ज्यांच्यामुळे घडली त्या डॉ. चार्ल्स डॉटर यांचा हा अल्प परिचय.

चार्ल्स थिओडोर डॉटर यांचा जन्म १४ जून १९२० रोजी अमेरिकेतील बोस्टन शहरी झाला. ड्यूक विद्यापीठातून १९४१ साली ते पदवीधर झाले आणि कॉर्नेलमधून वैद्यकाचे शिक्षण त्यांनी पुरे केले. क्ष-किरणशास्त्र हा त्यांचा विषय. वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, म्हणजे १९५२ साली, पोर्टलंड येथील ओरेगन विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात ते या विभागाचे प्रमुख झाले आणि मृत्यूपर्यंत त्या पदावर राहिले.

त्या काळी क्ष-किरणतज्ज्ञाचे काम ठरलेले असे. त्याने छायाचित्र घ्यावे, दोष कोठे आहे ते दाखवावे आणि बाजूला व्हावे. दुरुस्ती करायची ती शस्त्रवैद्याने. डॉटर यांना ही वाटणी मान्य नव्हती. नळी तुंबली तर प्लंबर भिंत फोडत बसत नाही, आतूनच ती साफ करतो. मग धमनीचे का नाही, असा त्यांचा सरळ हिशोब होता. आडवा-तिडवा ठेवलेला पाइप आणि पाना हेच त्यांनी आपले बोधचिन्ह केले होते! सहकारी त्यांना वेडा चार्ली म्हणत आणि ते नावही त्यांनी हसत स्वीकारले.

वेडाला साजेशीच त्यांची साधने होती. गिटारच्या तारा, मोटारीच्या स्पीडोमीटरची केबल, विजेच्या तारेवरचे प्लास्टिकचे वेष्टन यांतून ते धमनीत सरकवायच्या तारा आणि नळ्या बनवीत. १९६३ साली शिकागोच्या एका वैद्यकीय परिषदेत बिल कुक नावाचा तरुण उद्योजक बर्नरच्या ज्योतीवर नळ्या घडवून दाखवीत होता. डॉटर यांनी तो बर्नर एका रात्रीपुरता उसना नेला आणि दुसऱ्या दिवशी तयार नळ्यांसह परत आणून दिला. त्यातून दोघांची आयुष्यभराची मैत्री जुळली.

त्याच वर्षी एका रुग्णाचे चित्र घेताना त्यांची नळी बंद पडलेल्या धमनीतून अनवधानाने आरपार गेली आणि वाट खुली झाली. डॉटर यांनी या अपघाताचा अर्थ ओळखला. १६ जानेवारी १९६४ रोजी त्यांच्यापुढे ८२ वर्षांची एक वृद्धा आली. तिच्या डाव्या पायाची बोटे काळी पडली होती, जखम भरत नव्हती. डॉक्टर पाय कापण्याचा सल्ला देत होते आणि ती ठाम नकार देत होती. डॉटर यांनी मांडीतील धमनीत आधी बारीक तार, मग तिच्यावरून एकापेक्षा एक जाड नळ्या सरकवून ती धमनी रुंदावली. थंडगार पाऊल काही मिनिटांतच ऊबदार झाले. पुढे ती बाई वारली ती दुसऱ्याच आजाराने. तोवर ती आपल्या दोन्ही पायांवर चालत होती.

एवढे होऊनही स्वदेशात त्यांच्या वाट्याला बहुतांशी उपेक्षाच आली. एका शस्त्रवैद्याने तर रुग्ण पाठवताना कागदावर बजावून लिहिले की, केवळ चित्र घ्यावे, दुरुस्तीच्या भानगडीत पडू नये. युरोपात मात्र ही पद्धत उचलली गेली आणि तिला डॉटर यांचेच नाव पडले.

परंतु रुंदावलेली धमनी पुन्हा आकसू शकते, ही अडचण उरलीच होती. घराला टेकू द्यावा तसा धमनीला आतून आधार द्यावा, हे डॉटर यांच्या मनात होते. आणि येथे या उतावळ्या माणसाचे दुसरे रूप दिसते. नळी सरकवून काढून घेणे वेगळे, आणि धातूचा तुकडा रक्तात कायमचा सोडून येणे वेगळे. रक्त त्यावर गोठेल काय? तुकडा जागचा हलेल काय? धमनीची भिंत त्याला आपलेसे करील काय? ही विचारणा ते माणसाच्या देहाकडे करू शकत नव्हते. ती त्यांनी कुत्र्यांच्या देहाकडे केली.

जागाही त्यांनी सोपी निवडली नाही. गुडघ्यामागची धमनी प्रत्येक पावलाला वाकते. आजही माणसाच्या पायात स्टेंट बसवायला ही जागा अवघडच समजली जाते. तेथे डॉटर यांनी आधी प्लास्टिकच्या नळ्या बसवून पाहिल्या. त्या रक्ताच्या गुठळ्यांनी बंद पडल्या. मग स्टेनलेस स्टीलच्या तारेची उघडी स्प्रिंग वापरली. तिच्या वेटोळ्यांमधून धमनीचे अस्तर वाढले आणि तार झाकली गेली. काही कुत्र्यांत ती दोन वर्षांहूनही अधिक काळ खुली राहिली. १९६९ साली हे निष्कर्ष त्यांनी प्रसिद्ध केले.

येथे थोडे थांबावेसे वाटते. डॉटर यांच्या यशाची छायाचित्रे १९६४ साली 'लाइफ' साप्ताहिकाने छापली होती. त्याच 'लाइफ'ने १९६६ च्या आरंभी प्रयोगशाळांना कुत्री पुरवणाऱ्या व्यापाऱ्यांकडील हालांची छायाचित्रे छापली, आणि त्या लोकक्षोभातून त्याच वर्षी अमेरिकेत प्राण्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. एका हाताने ज्याचे कौतुक करायचे, त्याचीच किंमत दुसऱ्या हाताने मोजायची, अशी ही वेळ होती. त्या वृद्धेला नकार देता आला आणि होकारही देता आला. कुत्र्याला यांपैकी काहीच करता येत नव्हते. त्यातही कुत्र्याची धमनी निरोगी. माणसासारखा मेदाचा थर तिच्यात साचलेला नसतो. म्हणजे या प्रयोगाने प्रश्नाचे अर्धेच उत्तर मिळत होते. तरीही ते अर्धे उत्तर मिळाल्यावाचून पुढचे पाऊल माणसावर टाकणे म्हणजे शुद्ध जुगार ठरला असता.

डॉटर यांनी तो जुगार खेळला नाही. याचे सारे श्रेय संयमाला देता येणार नाही. त्यांची स्प्रिंग आत गेल्यावर फुलत नसे, त्यामुळे जेवढ्या जाडीची स्प्रिंग तेवढेच मोठे छिद्र पाडावे लागे. ही अडचण सुटायला १९८३ साल उजाडले. निकेल आणि टायटॅनियम यांचा मिश्रधातू थंड असताना सरळ करता येतो आणि ऊब मिळताच आपला मूळ आकार धारण करतो. त्याची तार नळीतून सरळ आत न्यायची आणि धमनीत तिचे वेटोळे होऊ द्यायचे, हा प्रयोग डॉटर यांनी व त्याच सुमारास अमेरिकेतील दुसऱ्या एका गटानेही केला. तोही कुत्र्यांवरच.

दरम्यान आंद्रेयास ग्रुंट्सिग यांनी १९७४ साली फुगा वापरून पायाची धमनी आणि १९७७ साली झुरिक येथे हृदयाची धमनी रुंदावून दाखवली होती. फुग्याने फुलणारा स्टेंट हुलिओ पाल्माझ यांनी तयार केला आणि त्याचे कुत्र्यांवरील प्रयोग १९८५ साली प्रसिद्ध केले. १९८६ साली युरोपात माणसाच्या हृदयाच्या धमनीत पहिला स्टेंट बसला. हे पाहायला डॉटर राहिले नव्हते. शिखरांवर चढण्याचे त्यांना विलक्षण वेड. मॅटरहॉर्नही त्यांनी सर केले होते. कर्करोग झाला, हृदयावर शस्त्रक्रिया झाल्या, तरी त्यांनी काम सोडले नाही. १५ फेब्रुवारी १९८५ रोजी ते निवर्तले. १९७८ साली त्यांचे नाव नोबेलसाठी सुचवले गेले होते. पारितोषिक मात्र मिळाले नाही. १९९० साली पोर्टलंडमध्ये त्यांच्या नावाची संस्था उभी राहिली.

आपण कला शाखेचे विद्यार्थी. धमनी आणि धातू यांच्याशी आपला काय संबंध, असे कुणी म्हणेल. मला मात्र डॉटर यांच्या चरित्रात एक प्रश्न दिसतो आणि तो सर्वांचाच आहे. धाडस कोठे करावे आणि कोठे थांबावे? जी बाई सारे जाणून आपला पाय त्यांच्या हाती द्यायला तयार होती, तिच्यासाठी ते जगाच्या हसण्याची पर्वा न करता पुढे झाले. जे कायमचे देहात राहणार होते, ते मात्र माणसापर्यंत पोहोचायला जवळजवळ दोन तपे लागली. त्या दोन तपांचा भार वाहिला तो मुक्या जीवांनी. पुढच्या वेळी घरातले कुणी स्टेंट घेऊन सुखरूप परतले, तर वैद्यांचे आभार मानताना पोर्टलंडच्या त्या निनावी कुत्र्यांचीही आठवण करावी. त्यांचे ऋण फेडता येणार नाही. ते विसरू नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.