ट्रामने शहर घडवले आणि विखुरलेही : फ्रँक स्प्रेग यांचे जीवन

शहराच्या ओस पडत चाललेल्या मध्यभागात लाइट रेल आणली की तेथील दुकाने, कचेऱ्या आणि वर्दळ परत येईल, अशी आशा अमेरिकेतील अनेक शहरे गेली चार दशके बाळगून आहेत. ती आशा कितपत रास्त आहे, हे पाहायचे तर या गाडीचा जनक मानल्या जाणाऱ्या फ्रँक ज्युलियन स्प्रेग यांच्या चरित्राकडे वळावे लागते.

स्प्रेग यांचा जन्म २५ जुलै १८५७ रोजी कनेटिकट राज्यातील मिलफर्ड येथे झाला. आई लवकर गेली आणि मुलाचा सांभाळ आत्याने केला. अॅनापोलिसच्या नौदल अकादमीतून ते १८७८ मध्ये पदवीधर झाले. नौदलाच्या सेवेत असतानाच १८८२ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील विद्युत प्रदर्शनाला जाण्याची संधी त्यांना मिळाली. त्या मुक्कामात भुयारी रेल्वेतून प्रवास करताना वाफेच्या इंजिनाचा गुदमरवणारा धूर त्यांनी अनुभवला आणि गाडी विजेवर चालवण्याचा ध्यास घेतला. पुढच्या वर्षी नौदल सोडून ते एडिसन यांच्याकडे गेले. तिथेही ते फार काळ रमले नाहीत. १८८४ मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली.

१८८७ मध्ये व्हर्जिनियातील रिचमंड शहराचा करार त्यांनी स्वीकारला, तो आजच्या व्यवहारी माणसाला वेडेपणाच वाटेल. नव्वद दिवसांत बारा मैलांचा मार्ग विजेवर आणायचा, चाळीस गाड्या सज्ज करायच्या आणि काम पसंत पडले तरच १ लाख १० हजार डॉलर घ्यायचे! विजेची ट्राम त्यापूर्वी बर्लिनजवळ आणि अमेरिकेतही धावली होती. परंतु रिचमंडच्या चढांवर, एवढ्या मोठ्या प्रमाणावर, कोणी ती चालवली नव्हती. त्यातच स्प्रेग यांना विषमज्वर झाला आणि कित्येक आठवडे काम सहकाऱ्यांवर सोपवावे लागले.

चाचणीच्या एका रात्री गाडी अवघड चढ चढून गेली खरी, पण मोटारीने दम तोडला. भोवती बघ्यांची गर्दी जमली होती. विजेच्या जोडणीत किरकोळ बिघड आहे असे भासवून स्प्रेग यांनी सहकाऱ्याला उपकरणे आणायला पिटाळले आणि स्वतः गाडीतील बाकावर आडवे झाले. गर्दी पांगल्यावर ती उपकरणे अंधारातून आली : चार खेचरे! त्यांनीच गाडी ओढून नेली.

२ फेब्रुवारी १८८८ रोजी नियमित सेवा सुरू झाली. त्याच वर्षी बोस्टनचे ट्रामचालक हेन्री व्हिटनी पाहणीला आले. घोड्यांना पर्याय म्हणून दोरखंडाने ओढल्या जाणाऱ्या गाड्यांचा विचार त्यांच्या मनात होता; एकाच ठिकाणी अनेक विजेच्या गाड्या अडकल्या तर काय, ही शंकाही होती. स्प्रेग यांनी मध्यरात्री बावीस गाड्या एकामागे एक उभ्या केल्या आणि सगळ्या एकदम सोडल्या. दिवे मिणमिणले, पण गाड्या निघाल्या. व्हिटनी यांनी विजेची निवड केली आणि पाहता पाहता अमेरिकाभर तारा ताणल्या गेल्या.

या ट्रामने शहराचे काय केले? सर्व मार्ग मध्यवर्ती पेठेत येऊन मिळत, त्यामुळे मोठी दुकाने, नाटकगृहे आणि बँका तिथेच दाटल्या. स्प्रेग यांनी त्या दाटीला उंचीही दिली. १८९२ मध्ये विजेच्या लिफ्टची कंपनी काढून त्यांनी न्यूयॉर्कच्या पोस्टल टेलिग्राफ इमारतीत लिफ्ट बसवल्या. मात्र त्याच रुळांवरून लोक गावाबाहेर राहायलाही गेले. रिचमंडच्या उत्तरेची गिंटर पार्क ही वसाहत ट्रामच्याच आधारावर वाढली. म्हणजे शहराची पांगापांग मोटारीने सुरू केली, हा समज अर्धाच खरा आहे.

१८९७ मध्ये स्प्रेग यांनी शिकागोच्या उन्नत रेल्वेसाठी आपले सर्वांत दूरगामी काम केले. इंजिनाऐवजी डब्यांनाच मोटारी बसवायच्या आणि त्या सर्वांचे नियंत्रण एका चालकाच्या हाती ठेवायचे, ही ती पद्धत. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला धावलेली पहिली विजेची लोकल याच तत्त्वावर चालली आणि आजच्या लोकलही त्यावरच चालतात.

कीर्तीच्या बाबतीत मात्र स्प्रेग यांच्या पदरी थोडेच पडले. त्यांची ट्राम कंपनी एडिसन यांच्या उद्योगात विलीन झाली, त्यांचे नाव यंत्रांवरून पुसले गेले आणि ते दुखावून बाहेर पडले. २५ ऑक्टोबर १९३४ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या वारशाचे दोन आधुनिक प्रयोग बोलके आहेत. बफेलोने १९८४ मध्ये मेन स्ट्रीटवर मोटारींना मज्जाव करून लाइट रेल आणली. तरी तेथील मोठी दुकाने बंद पडत गेली आणि अखेर मोटारींना टप्प्याटप्प्याने पुन्हा वाट द्यावी लागली. पोर्टलंडमध्ये १९८६ साली गाडी आली, तेव्हा नदीकाठचा महामार्ग काढून टाकलेला होता, मध्यभागातील वाहनतळांवर मर्यादा होती आणि लोकांना बसायला-फिरायला नवा चौक तयार होता. तिथला मध्यभाग सावरला. त्याचे श्रेय एकट्या गाडीला देणे हा त्या आधीच्या तयारीवर अन्याय ठरेल.

स्प्रेग यांच्या रिचमंडमध्ये शेवटची ट्राम १९४९ मध्ये धावली. त्यानंतर जुन्या गाड्या जाळून टाकण्यात आल्या. २०१८ पासून तेथील ब्रॉड स्ट्रीटवर ‘पल्स’ नावाची जलद बस धावते. तिच्यासाठी रस्त्याच्या काही भागात स्वतंत्र मार्गिका राखून ठेवल्या आहेत.