फॅरेडेची उरलेली काच

मायकेल फॅरेडे म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर दहावीचं पुस्तक येणार. कॉइल, मॅग्नेट, गॅल्व्हानोमीटरचा हलणारा काटा. तो १८३१चा प्रयोग मोठा आहेच. पण मला जास्त आवडतो तो १८४५चा फॅरेडे. पन्नाशी ओलांडलेला, मधली काही वर्षं तब्येतीने पार थकवलेला आणि वीसेक वर्षं एकाच प्रश्नावर आपटी खात आलेला.

जरा मागे जाऊ. जन्म १७९१चा, लंडनमधला. वडील लोहार, शाळा जेमतेम. चौदाव्या वर्षी पोरगा बुकबाइंडरच्या हाताखाली लागला, सात वर्षांसाठी. बांधायला आलेली पुस्तकं वाचून काढायची, हेच त्याचं कॉलेज. १८१२मध्ये दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने त्याला हम्फ्री डेव्ही या स्टार केमिस्टच्या लेक्चर्सची तिकिटं दिली. पठ्ठ्याने नोट्स काढल्या, स्वतः बाइंड केल्या आणि थेट डेव्हीलाच पाठवल्या. (सीव्ही पाठवायची याहून भारी पद्धत असेल तर कळवा!) पुढच्याच वर्षी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये असिस्टंटची नोकरी लागली.

वीज आणि चुंबकाचं नातं आहे, मग प्रकाशाचंही असणारच, असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. १८२२मध्ये त्याने वीज वाहत असलेल्या द्रावणातून पोलराइज्ड प्रकाश, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणारा प्रकाश, सोडून पाहिला. काही नाही. १८३०च्या दशकात पुन्हा तेच. १८४५मध्ये पुन्हा, तरी काही नाही. मग विजेऐवजी त्याने तगडा इलेक्ट्रोमॅग्नेट घेतला. १३ सप्टेंबरला एकेक पारदर्शक वस्तू त्याच्याजवळ ठेवून पाहिली. साधी काच, स्फटिक, सगळं फेल. शेवटी हातात आला शिसं घातलेल्या जड काचेचा एक तुकडा.

या तुकड्याची कुंडली बघा. १८२०च्या दशकात रॉयल सोसायटीने दुर्बिणींसाठी उत्तम काच बनवण्याचं काम फॅरेडेच्या गळ्यात मारलं होतं. भट्टीपुढे त्याची उमेदीची वर्षं गेली, हवं तसं यश आलं नाही, प्रोजेक्ट गुंडाळला गेला. काही तुकडे तेवढे उरले. त्यातल्याच एकातून जाताना, मॅग्नेट सुरू करताच, प्रकाशाच्या कंपनाचं प्रतल फिरलं!

आता खरी गंमत. पोलरीमीटरच्या प्रॅक्टिकलला तुम्ही साखरेच्या द्रावणाने हेच प्रतल फिरवलं असेल. पण तोच किरण आरशावरून परत द्रावणात पाठवला, तर पीळ उलगडतो, हिशेब शून्य. फॅरेडेच्या काचेत तसं होत नाही. पीळ कुठल्या बाजूला पडणार हे प्रकाशाची दिशा नाही, मॅग्नेटची दिशा ठरवते. त्यामुळे परतीच्या वाटेवर तो दुप्पट होतो. पुढे फॅरेडेने काचेच्या टोकांना चांदीचा थर देऊन प्रकाश आतल्या आत मागेपुढे खेळवला आणि दर फेरीला पीळ वाढवून दाखवला.

म्हणजे जाणं आणि येणं सारखं राहिलं नाही. लेझरपुढे बसवतात तो आयसोलेटर यावरच चालतो. जाताना ४५ अंश, येताना आणखी ४५, एकूण ९०, की परतणारा प्रकाश दारातच अडतो. नाहीतर तो लेझरमध्ये घुसून त्याला अस्थिर करतो. हल्लीचे संशोधक आणखी पुढे गेलेत. मॅग्नेटच्या प्रभावाखालच्या पदार्थाच्या पृष्ठभागावरून किंवा कडेवरून एकाच दिशेने धावणारी लाट, वन-वे रस्त्यासारखी. २००९मध्ये एमआयटीच्या गटाने फेराइटच्या दांड्यांची जाळी मांडून मायक्रोवेव्हवर हे करून दाखवलं. वाटेत धातूचा अडथळा ठेवला, तर लाट मागे फिरली नाही, वळसा घालून पुढे गेली. दिसणाऱ्या प्रकाशासाठी मात्र हे अवघड आहे, कारण तिथे चुंबकाचा परिणाम फारच फिका असतो.

फॅरेडे त्या काचेवर थांबला नाही. १८६२मध्ये, सत्तरीत, त्याने मॅग्नेटच्या दोन टोकांमध्ये ज्योत ठेवली आणि तिच्या वर्णपटातल्या रेषा हलतात का ते पाहिलं. काही दिसलं नाही. १८६७मध्ये तो गेला. १८९६मध्ये पीटर झीमन या डच तरुणाने जास्त चांगल्या उपकरणांनी तेच करून पाहिलं. रेषा रुंदावलेल्या दिसल्या आणि १९०२चं नोबेल त्याला विभागून मिळालं.