घाटकोपरचा छापखाना आणि माझी स्क्रीन

मागच्या सेमिस्टरला मी मेसच्या नोंदींसाठी एक स्क्रीन बनवली. लाल, पिवळं, जांभळं, पोपटी, सगळी बटणं नुसती झगमगत होती. पहिल्याच संध्याकाळी मेसच्या काकांनी नोंदीचं सोडून रद्दचं बटण दाबलं आणि अख्ख्या तिसऱ्या मजल्याचं जेवण गेलं. शिव्या मला पडल्या. पण काकांचं काय चुकलं? स्क्रीनवर सगळेच रंग एकदम ओरडत होते. भिंतीवर मात्र राजा रविवर्म्यांची लक्ष्मी शांत उभी होती. म्हटलं, या माणसाला हे कसं जमलं? म्हणून वाचायला घेतलं.

रविवर्मा १८४८ साली त्रावणकोरातल्या किळिमानूरला जन्मले. चित्रकलेचे पहिले धडे मामांकडे. १८७३ मध्ये व्हिएन्नाच्या प्रदर्शनात बक्षीस मिळालं. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांसाठी त्यांनी पौराणिक चित्रं रंगवली. पण राजवाड्यातली चित्रं चाळीतल्या माणसापर्यंत कशी पोचणार? त्यासाठी १८९४ साली भावाच्या साथीने त्यांनी मुंबईत छापखाना काढला. यंत्रं जर्मनीची, तंत्रज्ञही तिकडचे. हा छापखाना काही वर्षं आपल्या घाटकोपरात होता! रोज ट्रेनने तिथून जातो, पण मला पत्ताच नव्हता.

तिथलं काम म्हणजे खरं इंजिनिअरिंग. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड. एकच कागद एकेका दगडावर पुन्हा पुन्हा दाबायचा. केसभर सरकला की ओठांचा लाल थेट गालावर! रंग वाढला की दगड वाढला, वेळ वाढला, खर्च वाढला. त्यामुळे प्रत्येक रंगाला आपलं काम सिद्ध करावं लागायचं. लक्ष्मीचं चित्र पुन्हा बघा. मागचं आकाश-पाणी मंद, साडी ठसठशीत, सोनेरी फक्त काठाला आणि दागिन्यांना. नजर आपोआप चेहऱ्यावर जाते.

धंद्यात मात्र रविवर्म्यांना यश आलं नाही. छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला, कर्ज वाढलं, शेवटी तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. १९०५ मध्ये भाऊ गेला, १९०६ मध्ये ते स्वतः. पैसा राहिला नाही, पण ज्यांना देवळाची पायरी बंद होती त्यांच्याही घरात देव पोचले.

आपल्या कॉम्प्युटरवर एक कोटी सदुसष्ट लाख रंग फुकट मिळतात. तिथेच आपली वाट लागते. आता मी प्रत्येक रंगाला दगड लागतो असं समजूनच स्क्रीन आखतो. साठ टक्के फिकट राखाडी, तीस टक्के निळा आणि उरलेला दहा टक्के भगवा फक्त नोंदीच्या बटणाला. रद्दचं बटण कोपऱ्यात, बिनरंगी, आणि दाबल्यावर एकदा विचारून घेणारं.

काकांनी कौतुक वगैरे काही केलं नाही. पण तिसरा मजला तेव्हापासून रोज जेवतोय.